बीजिंग, लोयांग, शीआन, शांघाय : एकाच सहलीसाठी चीनच्या पर्यटन व्हिसाचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

चीनला जाऊन एकच शहर पाहून परतणारा पर्यटक विरळा. प्राचीन चीनसाठी बीजिंग आणि शीआन, आजच्या चीनसाठी शांघाय, असा किमान तीन शहरांचा बेत बहुतेक कुटुंबे आखतात. व्हिसाच्या अर्जात घोळ होतो तो याच शहरांच्या आणि तारखांच्या मांडणीत, कारण आपण कोणत्या तारखेला कोणत्या शहरात आणि कोणत्या पत्त्यावर मुक्कामाला असू, हे अर्जदाराला अर्जातच लिहून द्यावे लागते. त्यामुळे प्रवासाचा आराखडा आधी पक्का करावा आणि अर्ज नंतर भरावा. पुढील माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

पात्रता

भारतीय पारपत्रधारकाला चीनच्या मुख्य भूमीत पर्यटनासाठी जाण्याकरिता ‘एल’ वर्गाचा व्हिसा आधीच काढून ठेवावा लागतो. चीनने अलीकडच्या वर्षांत अनेक देशांच्या नागरिकांना व्हिसामाफी दिली, त्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांतही आल्या. परंतु त्या यादीत भारताचा समावेश नाही. तिसऱ्या देशाकडे जाताना वाटेत २४० तास व्हिसाविना चीनमध्ये राहण्याची जी सवलत आहे, तीही भारतीय पारपत्रावर मिळत नाही. विमान बदलण्यासाठी २४ तासांच्या आत पुढे निघणाऱ्या प्रवाशाला असलेली सूट भारतीयांनाही लागू होते, मात्र तिच्या आधारे सहल आखता येत नाही. व्यापारी भेट, शिक्षण किंवा चीनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांकडचा मुक्काम यांसाठी व्हिसाचे वर्ग निराळे आहेत, आणि खरा हेतू लपवून पर्यटनाचा व्हिसा मागणे कोणाच्याही हिताचे नाही.

परदेशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. येथे विचार पारपत्राचा होतो, मूळ देशाचा होत नाही. अमेरिकेचे पारपत्र असलेल्या मुलाला २४० तासांची सवलत मिळू शकते, सिंगापूरच्या पारपत्रावर ३० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहता येते, पण त्यांच्याबरोबर निघालेल्या आणि भारतीय पारपत्र असलेल्या आईवडिलांना संपूर्ण अर्जप्रक्रिया पार पाडावीच लागते. अशा कुटुंबाने तिकिटे काढताना सर्वांचा विचार वेगवेगळा करावा.

अर्जाआधी ठरवायचा मार्ग

प्रत्येक शहरातील मुक्कामाचा पुरावा अर्जासोबत जोडायचा असल्यामुळे शहरे जितकी अधिक तितके कागद अधिक आणि तारखा चुकण्याची शक्यताही अधिक. म्हणून एकाच रेल्वेमार्गावर येणारी शहरे निवडावीत, असे मी सुचवीन. मराठी प्रवाशाला तर अशा एका मार्गाने जाण्याची खास कारणे आहेत. बीजिंगहून शीआनकडे जाणारी अतिजलद रेल्वे शिजियाझुआंग आणि लोयांग या शहरांवरून जाते. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मृतिउद्यानात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आहे. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचे निधन झाले. लोयांगजवळचे श्वेताश्व मंदिर इ.स. ६८ मध्ये भारतातून आलेल्या भिक्षूंसाठी उभारले गेले, अशी परंपरा सांगते. तेथील आवारात भारतीय शैलीत बांधलेल्या नव्या बौद्ध मंदिराचे उद्घाटन २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले. शीआनमध्ये मातीच्या सैनिकांची सेना आहेच. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना तिचा शोध लागला. परंतु त्याच शहरातील महाहंस पॅगोडा आपण चुकवू नये, कारण दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन येथील लोकांचे वर्णन लिहून ठेवणाऱ्या ह्युएन त्सांगने भारतातून नेलेले ग्रंथ जतन करण्यासाठी तो ६५२ मध्ये बांधण्यात आला. शीआनहून शांघायला रेल्वेने एका दिवसात पोहोचता येते, आणि ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर व नदीकाठच्या जुन्या युरोपीय इमारती समोरासमोर पाहून तेथूनच परतीचे विमान घेता येते.

हा मार्ग अर्जाच्या दृष्टीनेही सोपा आहे. बीजिंगमध्ये प्रवेश, शांघायमधून निर्गमन आणि मधली सर्व शहरे मुख्य भूमीतच असल्यामुळे एका प्रवेशाचा व्हिसा पुरतो. शिजियाझुआंगला मुक्काम न करता काही तास उतरून पुढे जाणार असाल, तर भेटीचे ठिकाण म्हणून त्याचा उल्लेख कार्यक्रमपत्रिकेत करावा; तेथील हॉटेलचे आरक्षण दाखवण्याचा प्रश्न येत नाही.

किती प्रवेशांचा व्हिसा मागावा

याबाबत फार गैरसमज आढळतो. हाँगकाँग आणि मकाव हे चीनचेच भाग असले, तरी त्यांची प्रवेशव्यवस्था स्वतंत्र आहे. शांघायहून हाँगकाँगला गेलात की तुम्ही मुख्य भूमीतून बाहेर पडलात असे धरले जाते, आणि एका प्रवेशाचा व्हिसा तेथेच संपतो. बीजिंग, मग हाँगकाँग आणि पुन्हा मुख्य भूमीतील ग्वांगझू, असा बेत असेल, तर दोन प्रवेशांचाच व्हिसा मागायला हवा आणि दोन्ही प्रवेशांच्या तारखा कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट दिसायला हव्यात. हाँगकाँगमध्ये जाण्यासाठी भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नसला, तरी प्रवासापूर्वी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ही नोंदणी विनामूल्य असून तिच्या आधारे एका वेळी १४ दिवसांपर्यंत राहता येते. हाँगकाँगच्या विमानतळावर बाहेर न पडता केवळ विमान बदलायचे असेल, तर तिची गरज नसते.

भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा २०२० पासून बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता–ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली. तरीही महाराष्ट्रातून निघणारे अनेक प्रवासी हाँगकाँग, सिंगापूर किंवा बँकॉक येथे विमान बदलूनच जातात, त्यामुळे तिकीट निवडतानाच प्रवेशांची संख्या मोजून घ्यावी.

कागदपत्रे

पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि त्यात व्हिसासाठी कोरी पाने असावीत. मुदत संपत आली असेल, तर आधी पारपत्राचे नूतनीकरण करावे आणि मगच अर्जाला हात घालावा. व्हिसा, रेल्वेचे तिकीट, बीजिंगच्या राजप्रासादाचे (फॉरबिडन सिटीचे) प्रवेशपत्र, हॉटेलमधील नोंद, हे सारे पारपत्राच्या क्रमांकाशी जोडलेले असते, आणि क्रमांक मध्येच बदलला की प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती करत बसावे लागते. यापूर्वी चीनचा व्हिसा मिळालेला असेल, तर त्याची प्रत आणि तो जुन्या पारपत्रावर असल्यास ते पारपत्रही सोबत ठेवावे.

छायाचित्र अलीकडचे, रंगीत, पांढऱ्या पार्श्वभूमीचे आणि ३३ × ४८ मिलिमीटर आकाराचे लागते. आपल्याकडील नेहमीच्या पासपोर्ट आकाराचा फोटो यात बसत नाही, हे छायाचित्रकाराला आधीच सांगावे.

मुक्काम आणि प्रवास यांच्या पुराव्यासाठी जाण्यायेण्याच्या विमानाचे आरक्षण आणि प्रत्येक रात्रीचे हॉटेलचे आरक्षण द्यावे लागते. त्याऐवजी चीनमधील पर्यटनसंस्थेचे किंवा व्यक्तीचे निमंत्रणपत्रही चालते, मात्र त्यात निमंत्रिताची वैयक्तिक माहिती, येण्याजाण्याच्या तारखा आणि भेटीची ठिकाणे नमूद असावी लागतात. हॉटेलच्या आरक्षणावर केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव न घालता सोबतच्या प्रत्येक प्रवाशाचे नाव घालून घ्यावे. अर्ज तपासणारा अधिकारी विमान, हॉटेल आणि कार्यक्रमपत्रिका हे तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहतो, असे गृहीत धरूनच तारखा जुळवाव्यात. रात्रीच्या रेल्वेने प्रवास करणार असाल, तर त्या रात्री हॉटेलचे आरक्षण का नाही, याचे उत्तर कार्यक्रमपत्रिकेत एका वाक्याने द्यावे. आतल्या प्रवासाची रेल्वे तिकिटे अर्जासोबत जोडता येणार नाहीत, कारण त्यांची विक्री प्रवासाच्या सुमारे १५ दिवस आधी सुरू होते. त्याची चिंता करू नये.

आर्थिक क्षमतेसाठी बँकेचे खातेपत्रक आणि व्यवसायानुसार नोकरीचा दाखला व रजेचे पत्र, स्वतःचा व्यवसाय असल्यास त्याच्या नोंदणीची कागदपत्रे किंवा विद्यार्थी असल्यास शिक्षणसंस्थेचे पत्र द्यावे. निवृत्त व्यक्तीने निवृत्तिवेतनाचा पुरावा जोडावा. अज्ञान मुलांसाठी जन्मदाखला, आईवडिलांच्या पारपत्रांच्या प्रती आणि दोघांपैकी एकच पालक सोबत असल्यास दुसऱ्याचे संमतिपत्र तयार ठेवावे.

नावांबाबत आपल्याकडे विशेष दक्षता हवी. मराठी पद्धतीत मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते, आणि काही पारपत्रांत ते नावाच्या रकान्यात असते, तर काहींत मुळीच नसते. अर्जात, विमानाच्या तिकिटावर आणि हॉटेलच्या आरक्षणात नाव अक्षरशः पारपत्रावर छापल्याप्रमाणेच लिहावे. आधार कार्डावर किंवा बँकेत ते कसेही असो. विवाहित महिलेचे पारपत्र माहेरच्या नावाने आणि बँक खाते सासरच्या नावाने असेल, तर विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र आपणहून जोडावे. आडनावाचा रकाना रिकामा असलेले पारपत्र असल्यास अर्ज भरण्याआधीच व्हिसा केंद्राकडे विचारणा करावी.

अर्ज कसा करावा

चीनचा दूतावास नवी दिल्लीत आहे आणि वाणिज्य दूतावास मुंबई व कोलकाता येथे आहेत. अर्ज कोणत्या केंद्राकडे करायचा, हे राहत्या पत्त्यावरून ठरते, आणि महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी मुंबईचे केंद्र आहे. पुण्यात राहून पारपत्रावर दुसऱ्या राज्याचा जुना पत्ता असणाऱ्याने सध्याच्या निवासाचा पुरावा जोडावा. अर्ज ऑनलाइन भरून कागदपत्रे त्याच प्रणालीवर चढवायची असतात, आणि त्यानंतर पारपत्र व्हिसा केंद्रात जमा करायचे असते. अर्जात शिक्षण, नोकरी, कुटुंबातील व्यक्ती आणि पूर्वीचे परदेशप्रवास यांविषयी सविस्तर प्रश्न असतात. एकही रकाना रिकामा न सोडता लागू नसलेल्या ठिकाणी तसे लिहावे. बोटांचे ठसे घेण्याचा नियम साधारणपणे १४ ते ७० वर्षे वयाच्या अर्जदारांसाठी आहे, परंतु एक किंवा दोन प्रवेशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी गेली काही वर्षे त्यातून सूट दिली जात आहे.

एका प्रवेशाच्या व्हिसाची वापरण्याची मुदत साधारणपणे दिल्यापासून तीन महिने असते, म्हणून अर्ज फार आधीही करू नये. प्रवासाच्या दीड ते दोन महिने आधीचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. एक ऑक्टोबरपासूनची राष्ट्रीय सुटी आणि वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्ष, या काळात केंद्रे बंद असतात, आणि चीनमध्ये तेव्हा गर्दीही अतोनात असते.

व्हिसा हातात आल्यावर

व्हिसावर दोन निरनिराळ्या गोष्टी छापलेल्या असतात. एक तारीख कधीपर्यंत प्रवेश करायचा ते सांगते, आणि दुसरा आकडा प्रत्येक प्रवेशानंतर किती दिवस राहता येईल ते सांगतो. मुक्कामाचे दिवस प्रवेशाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले जातात. नाव, पारपत्र क्रमांक आणि प्रवेशांची संख्या केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वीच तपासावी.

२० नोव्हेंबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांना आगमनपत्र (अरायव्हल कार्ड) प्रवासापूर्वी ऑनलाइन भरता येते, आणि त्यासाठी कोणतेही शुल्क नाही. ते भरून देण्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे.

बीजिंगच्या राजप्रासादाचे, म्हणजे १४०६ ते १४२० या काळात उभारलेल्या आणि मिंग व छिंग घराण्यांच्या २४ सम्राटांनी वापरलेल्या वास्तूचे, प्रवेशपत्र पारपत्राच्या क्रमांकावरच मिळते. त्याची विक्री सात दिवस आधी बीजिंगच्या रात्री ८ वाजता, म्हणजे भारतीय वेळेनुसार सायंकाळी ५.३० वाजता खुली होते आणि हंगामात ती पाहता पाहता संपते. सोमवारी राजप्रासाद सहसा बंद असतो, हे लक्षात घेऊन बीजिंगचे दिवस व्हिसा अर्जाच्या वेळीच ठरवावेत. तिआनमेन चौकासाठीही आगाऊ नोंदणी करावी लागते.

तिबेटसाठी व्हिसाखेरीज स्वतंत्र परवाना लागतो आणि तो मान्यताप्राप्त पर्यटनसंस्थेमार्फतच मिळतो, त्यामुळे पहिल्या सहलीत ल्हासा जोडू नये. कैलास-मानसरोवर यात्रेची परराष्ट्र मंत्रालयामार्फत होणारी अर्जप्रक्रिया सर्वस्वी वेगळी आहे.

हॉटेलमध्ये उतरल्यास पोलिसांकडील नोंद हॉटेलच करते. एखाद्या परिचिताच्या घरी राहिल्यास मात्र २४ तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि शहर बदलून पुन्हा घरगुती मुक्काम केला तर नोंदही पुन्हा करावी लागते. मुदतीपेक्षा अधिक राहिल्यास दिवसाला ५०० युआनप्रमाणे, कमाल १०,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. आजारपण किंवा अन्य खऱ्या कारणाने मुक्काम वाढवणे भाग पडले, तर व्हिसावरील मुक्कामाची मुदत संपण्याच्या किमान सात दिवस आधी त्या शहरातील सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या प्रवेश-निर्गमन कार्यालयात अर्ज करावा.