कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ : न्यायनिर्णयांतून घडलेला कायदा आणि खानदेश

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा ९ डिसेंबर २०१३ रोजी लागू झाला. त्याआधी सोळा वर्षे १९९७ च्या विशाखा निकालातली सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वेच कायद्याच्या जागी होती. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कचेऱ्यांत अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीला आजही ‘विशाखा समिती’ म्हणतात, ते त्या निकालामुळे.

राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमातील साथीन (गावपातळीवरची कार्यकर्ती) भंवरी देवी यांनी १९९२ मध्ये बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्या रागातून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात मांडलेला प्रश्न वेगळा होता : नोकरी करताना स्त्रीवर असा प्रसंग येतो, तर मालकाची जबाबदारी कोणती? सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी राज्यघटनेची कलमे १४, १५, १९ व २१ आणि स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबाबतचा आंतरराष्ट्रीय करार यांच्या आधारे छळाची व्याख्या केली. महिला अध्यक्ष, किमान निम्म्या महिला आणि एक बाहेरचा सदस्य अशी समिती प्रत्येक मालकावर बंधनकारक केली.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर फिरणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविकांचे काम त्या साथिनीच्या कामासारखेच आहे. ‘तुम्हाला पगार नाही, मानधन आहे’ हे उत्तर त्यांना देता येत नाही. कायद्यात रोजंदार, कंत्राटी, मानधनी, शिकाऊ सगळ्या येतात. कामानिमित्त जावे लागते ते ठिकाण आणि मालकाने दिलेले वाहन, दोन्ही कामाची जागाच.

पुढचा महत्त्वाचा निकाल १९९९ चा, ए. के. चोप्रा प्रकरणातला. प्रत्यक्ष अंगाला हात लागला नाही म्हणून उच्च न्यायालयाने अधिकाऱ्याची बडतर्फी रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली : स्पर्शाचा पुरावा हवाच असे नाही, एकूण वर्तन पाहायचे. मेधा कोतवाल लेले प्रकरणात २००४ मध्ये समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानण्याचा आदेश झाला. त्यामुळे पीडितेला तीच हकिकत दुसऱ्या चौकशीत पुन्हा सांगावी लागत नाही. प्रत्यक्ष व्यवहारात सर्वांत उपयोगी पडलेला निर्णय हाच म्हणावा लागेल.

तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. सबळ कारण नोंदवून समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावे जोडावीत व पोच घ्यावी. समितीने सात कामकाजाच्या दिवसांत प्रत समोरच्याला पाठवायची, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे. चौकशी ९० दिवसांत संपवून पुढच्या दहा दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यावर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची. समितीपुढे वकील चालत नाही. तडजोड फक्त तक्रारदार मागेल तर, आणि पैशांवर कधीच नाही.

प्रकरणे कोसळतात ती बहुधा समितीच्या चुकांमुळे. २०२० मधील पंजाब अँड सिंध बँक प्रकरणात बाहेरची सदस्य म्हणून बँकेच्याच पॅनेलवरील वकील नेमल्याने समितीची रचनाच सदोष ठरली. तक्रारदार अधिकारी महिलेची बदलीही रद्द झाली. गोवा विद्यापीठाशी संबंधित ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात समितीने सुनावणी घाईने उरकली, म्हणून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्यांच्यावर तक्रार होती त्या फर्नांडिस यांची बडतर्फी रद्द करून चौकशी परत समितीकडे पाठवली. अशा घाईची किंमत तक्रारदारच मोजते. साक्षीदारांच्या जबाबाच्या प्रती, उत्तराला पुरेसा वेळ आणि प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तावर सह्या एवढे सांभाळले तरी पुष्कळ धोका टळतो. बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य लागतात.

खानदेशात खरी अडचण छोट्या आस्थापनांची आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. जळगावच्या लहान डाळ मिलमधली कामगार किंवा नंदुरबारला मिरची वाळवण्याच्या पथारीवर देठ खुडणारी मजूर हिला हाच रस्ता. पण मिरचीचा हंगाम संपला की मजूर दुसऱ्या कामाला परगावी जातात आणि तीन महिन्यांची मुदत तिकडेच सरते. मुकादमाच्या वहीतली हजेरी, मजुरीची चिठ्ठी, सोबतच्या बाईचे नाव हे पुरावे हंगाम चालू असतानाच जपून ठेवावे लागतात. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घेण्यास मदत करणे ही समितीची जबाबदारी आहे. मजूर महिलेने जिल्ह्याच्या गावी खेटे घालू नयेत म्हणून प्रत्येक तालुक्यात समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्याने सात दिवसांत तक्रार स्थानिक समितीकडे पोचवायची असते. या नेमणुका अनेक ठिकाणी झाल्याच नव्हत्या, म्हणून फर्नांडिस प्रकरणातच ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या आणि तालुका समन्वय अधिकारी नेमण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. जिल्हा अधिकाऱ्यासाठी ३१ डिसेंबर २०२४ आणि स्थानिक समितीसाठी ३१ जानेवारी २०२५ अशा तारखा त्यात ठरवून दिल्या होत्या.