साय, क्रीम आणि घरचं लोणी: पार्श्वभूमी

साठवलेल्या सायीचं लोणी काढणं याला बहुतेक घरांत 'आजीची पद्धत' म्हणतात. आजी कुठली, यावर ते अवलंबून आहे. दादरच्या चाळीत किंवा सदाशिव पेठेत संसार केलेली असेल तर बरोबर. पण गोठ्यात दोन दुभत्या म्हशी असलेल्या आजीने सायीचं लोणी क्वचितच काढलं असेल. तिच्याकडे विरजण लागायचं ते सगळ्या दुधाला, आणि पहाटे डेऱ्यात रवी फिरायची ती दह्यावर. सायीचं लोणी हे विकतच्या दुधाचं अपत्य आहे. त्याची गोष्ट म्हणजे मुख्यतः गेल्या पाऊणशे वर्षांतल्या शहरी दुधाची गोष्ट.

त्याआधीचं थोडक्यात. वैद्यकाच्या जुन्या संहितांमध्ये दह्यापासूनचं नवनीत आणि थेट दुधापासून काढलेलं नवनीत हे दोन वेगळे पदार्थ मानले आहेत, त्यांचे गुणही वेगळे सांगितले आहेत. म्हणजे न आंबवता लोणी काढता येतं हे माहीत होतं, पण रोजचा रिवाज दह्याचाच. पंढरपुरात काकडआरतीला लोणी-खडीसाखर असते, गवळणीतली राधा मथुरेच्या बाजाराला निघते, तिथलं लोणी हेच. त्याचा एक पुरावा आपल्या तोंडी रोज असतो: ताकाला जाऊन भांडं लपवायचं. अख्ख्या दुधाचं दही घुसळलं की लोणी गोळाभर आणि ताक हंडाभर. ते शेजारीपाजारी वाटूनच संपवायचं. सायीच्या लोण्याखाली जेमतेम दोन-तीन भांडी ताक उरतं, तेवढ्यावर गावात म्हण रुजत नाही.

शहरात हे गणित मोडलं. दूध तबेल्यातून किंवा भय्याकडून मापाने यायचं, त्यात मुलांचं, आजाऱ्याचं आणि विसाव्या शतकात सर्वांत हावरं गिऱ्हाईक म्हणजे चहाचं. सगळ्या दुधाला विरजण लावायची चैन कोणाला परवडणार? मात्र कच्चं दूध नासू नये म्हणून ते दोनदा तापवावं लागे, आणि तापवून निवलेल्या म्हशीच्या दुधावर बोटभर जाड साय धरे. ती काढली तरी खालचं दूध चहाला चालतं. काटकसरीतून निघालेली ही युक्ती आहे, आणि तिच्यामुळे घरात दूध, दही आणि तूप तिन्ही एकाच मापातून निघू लागलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पाककृतींमध्ये तिचा रोज घोळ होतो. साय म्हणजे क्रीम नव्हे. क्रीम म्हणजे दुधातला स्निग्धांशाने भरलेला वरचा भाग, न तापवलेल्या दुधातूनही तो वेगळा होतो. दूध ठेवून दिलं की आपसूक, किंवा यंत्रात गरगर फिरवून. ते फिरवायचं सेपरेटर यंत्र १८७८ साली स्वीडनमध्ये निघालं आणि जगभरच्या डेअऱ्यांचा पाया झालं. साय उष्णतेशिवाय धरत नाही. दूध तापलं की त्यातली प्रथिनं पृष्ठभागावर जाळं विणतात आणि वर येणारा स्निग्धांश त्या जाळ्यात अडकतो. म्हणून सायीला पदर असतो, ती चमच्याने उचलता येते, आणि घुसळताना तिच्यातले प्रथिनांचे तुकडे आधी ताकात सुटावे लागतात. परदेशी पद्धतीत 'क्रीम फेटा, पाच मिनिटांत लोणी' असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला वीस मिनिटं लागतात, त्यामागे आपला हात आळशी नसतो. मलई हा शब्द दोन्हींसाठी वापरतात, त्यामुळे गोंधळात भरच पडते.

आता मुंबईचा निर्णय. त्याच्यावर जरा थांबते, कारण आज पिशवीतल्या दुधाला साय का येत नाही या तक्रारीचं एक टोक तिथे आहे.

महायुद्धानंतर मुंबईत दुधाची टंचाई होती. म्हशीचं दूध सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांशाचं, महाग, आणि जिथे गरज जास्त त्या वस्त्यांत पोचतच नव्हतं. १९४६ साली इथल्या सरकारी दूधयोजनेने एक तोड काढली. म्हशीच्या दुधात पाणी आणि आयात केलेली स्निग्धांशविरहित दूधपावडर मिसळायची. स्निग्धांश तीन टक्क्यांवर येतो, बाकीचे घनपदार्थ मात्र पावडरीमुळे जागच्या जागी राहतात. हे 'टोन्ड' दूध. हिशेब सरळ आहे: सात टक्क्यांच्या एका लिटरचे तीन टक्क्यांचे दोन लिटरपेक्षा जास्त होतात. १९४९ मध्ये आरेची दूधवसाहत उभी राहिली, शहरातले तबेले हलवून तिथे सुमारे सोळा हजार गुरं नेली गेली, आणि कार्डावर मिळणारी काचेची बाटली हे मुंबईच्या सकाळचं चित्र झालं.

या निर्णयावरचा वाद अजून संपलेला नाही. एक बाजू म्हणते, हा पाणी घालायचा सरकारी परवाना होता. गवळ्याने घातलं तर भेसळ, सरकारने घातलं तर योजना. दुसरी बाजू म्हणते, ज्या मुलाला दूधच मिळत नव्हतं त्याला प्रथिनं आणि कॅल्शियम स्वस्तात मिळालं, तूप नाही मिळालं तर बिघडलं कुठे? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण एका अटीवर. मूळच्या टोन्ड दुधात कोणी लोणी काढून घेतलं नव्हतं, फक्त तेच लोणी जास्त बाटल्यांत वाटलं होतं. पुढे डेअऱ्या मोठ्या झाल्या तसं चित्र बदललं. साडेसहा-सातचं दूध घ्यायचं, तीनचं किंवा साडेचारचं विकायचं, आणि मधल्या फरकाचं बटर आणि तूप करायचं हे डेअरीचं नेहमीचं अर्थकारण झालं. यात लपवाछपवी नाही, पण दोन्हींना एकच 'टोन्ड' शब्द पुरवल्याने सत्तर वर्षांचा गोंधळ उडाला.

त्यात आणखी एक शब्द येऊन मिसळला: होमोजिनाइझ्ड. 'साय येत नाही म्हणजे लोणी काढून घेतलं' असं ठामपणे सांगणारे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतात. स्निग्धांश किती, हा एक प्रश्न. टोन्डमध्ये ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड, स्टँडर्डाइझ्डमध्ये साडेचार, फुल क्रीममध्ये ६. तो स्निग्धांश वर येतो की नाही, हा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आकड्यात नाही. होमोजिनायझरचं पेटंट १८९९ साली फ्रान्समध्ये घेतलं गेलं. त्यात दूध प्रचंड दाबाखाली अगदी बारीक फटीतून ढकलतात. स्निग्धांशाचे मूळचे तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे गोळे फुटून एक मायक्रॉनच्या आसपास येतात, त्यांच्यावर प्रथिनांचा लेप बसतो, आणि मग ते वर तरंगून एकत्र येत नाहीत. अशा सहा टक्क्यांच्या दुधालाही तापवल्यावर कागदासारखा पापुद्रा धरतो, साय नाही. तेवढाच स्निग्धांश असलेलं, पण होमोजिनाइझ न केलेलं म्हशीचं दूध तापवा, सकाळी पातेल्यावर भाकरीएवढी साय उचलता येते. पिशवीवर फॅटचा आकडा ठळक असतो आणि हा एक शब्द असला तर कोपऱ्यात, बारीक अक्षरात. घरी लोणी काढणाऱ्याला नेमका तोच आधी वाचावा लागतो.

१९७० नंतरच्या दूध महापूर योजनेने या सगळ्याला देशाचं माप दिलं. पहिल्या टप्प्यात युरोपने आपल्याकडची जादा दूधपावडर आणि बटर ऑइल, म्हणजे दुधाचा जवळपास निव्वळ स्निग्धांश, मदत म्हणून दिलं, सव्वा लाख टनांच्या आसपास पावडर आणि चाळीस हजार टनांवर बटर ऑइल. महानगरांच्या डेअऱ्यांनी ते पुन्हा दुधात कालवून विकलं आणि त्या पैशातून गावोगावच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. म्हणजे सत्तरच्या दशकात मुंबईकर जे दूध पीत होता त्यात थोडा युरोपातल्या गायींचा अंश होता. गावाकडे याच काळात दुधाला रोख भाव मिळू लागला, दूध संकलन केंद्रावर जाऊ लागलं, आणि डेरा माळ्यावर गेला. संकरित गायी वाढल्या तसं पश्चिम महाराष्ट्रातलं बरंचसं दूध गायीचं झालं, साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफच्या (स्निग्धांशाखेरीजच्या घनपदार्थांच्या) मापावर दर ठरू लागला. म्हशीच्या पांढऱ्याशुभ्र लोण्याची सवय असलेल्या डोळ्याला गायीचं पिवळसर लोणी भेसळीचं वाटतं, तो रंग गवतातल्या कॅरोटिनचा.

कारखान्याच्या बटरची एक उलटी गंमत आहे. स्वातंत्र्याआधी मुंबईत जे बटर खपायचं ते मुरलेल्या, आंबूस क्रीमचं, खारट आणि पिवळं होतं. पुढे आणंदच्या सहकारी संघाने म्हशीच्या ताज्या क्रीमचं, पांढरं, गोडसर बटर बाजारात आणलं तेव्हा लोकांना ते सपक वाटलं. मग मीठ वाढलं, रंग आला. आपल्याला जो 'बटरचा खरा रंग' वाटतो त्याची ही कुळकथा. इराण्याच्या हॉटेलातला मस्का मात्र शब्दानेच फारसीतून आलेला, आणि तो 'मारायची' कला खास मुंबईची. मराठीत लोणी 'लावतात', तेवढाच फरक.

घरचं सायीचं लोणी खऱ्या अर्थाने पसरलं ते फ्रीजमुळे. देशी बनावटीचे फ्रीज पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आले, मध्यमवर्गात रुळायला आणखी वीस वर्षं गेली. त्याआधी साय दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नसे. रोज थोडी साय, रोज थोडं घुसळणं. फ्रीजने आठवड्याची साय साठवता आली आणि मिक्सरने मनगट वाचवलं. रविवार सकाळचं लोणी ही या दोन यंत्रांची जोडगोळी आहे. स्वयंपाकघरात भिंतीला घुसळखांब लावलेलं घर आता शोधावं लागेल.

साठवण्याच्या पद्धतीत मात्र जुनं शहाणपण टिकलं, आणि ते मला चुकून कळलं. स्वतंत्र घर मांडलं तेव्हा मी तीन आठवडे साय डब्यात साठवली, विरजण न लावता. फ्रीजमध्ये आहे, काय होणार? डबा उघडला तेव्हा वर फिकट पिवळे डाग होते आणि वास जुन्या फडक्यासारखा. तरीही हट्टाने लोणी काढलं, कढवलं. तूप कडू झालं आणि घरभर दोन दिवस तो वास राहिला. आईने फोनवर एकच प्रश्न विचारला, "अगं, ताकाचं बोट लावलं नव्हतंस का?" थंडीतही वाढणारे जिवाणू असतात, ते प्रथिनं फोडून कडवटपणा आणतात. पहिल्या दिवशीच चमचाभर दही घातलं की साय आंबट होते आणि त्या आंबटपणात बाकीच्यांचं फारसं चालत नाही. शिवाय आंबलेली साय लवकर फुटते, ताकात लोणी कमी वाया जातं, तुपाला वास आणि रवाळपणा चांगला येतो. डेऱ्यातलं दह्याचं तंत्र सायीच्या डब्यात शिरलं ते असं.

घुसळताना लोणी येण्याचा क्षण कानाला आधी कळतो. मिक्सरचा भरलेला, जड आवाज एकदम पातळ होतो, भांड्यात काहीतरी आपटल्यासारखं थपथपतं. तोवर पाण्यात तरंगणारे स्निग्धांशाचे गोळे एकमेकांना चिकटतात आणि आतबाहेर होतं: आधी पाण्यात लोणी होतं, आता लोण्यात पाणी. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी आणि थंडीत कोमट पाणी घालायचं ते याचसाठी. फार गार असेल तर गोळे चिकटत नाहीत, फार गरम असेल तर लोणी मलमासारखं ताकातच राहतं. धुतलेला गोळा थालीपीठावर ठेवेपर्यंत काही जण थांबतात. बाकीचं लगेच कढईत जातं, लोणकढं होतं, तळाची बेरी साखर घालून मुलं खातात. लोणकढी थाप तेवढी शिळी झाली तरी चालते.

कायद्याच्या नजरेत हा गोळा कुठे बसतो हेही पाहण्यासारखं आहे. मिठाच्या टेबल बटरला किमान ८० टक्के दुग्धस्निग्धांश लागतो, पांढऱ्या देशी लोण्याला ७६. घरचं लोणी हाताने दाबून पाणी काढलेलं असतं, ते कधी यात बसतं, कधी नाही, आणि ते विकायचं नसल्याने कोणी मोजतही नाही.

२०२० च्या टाळेबंदीत लोणी काढायची लाट आली तेव्हा अनेकांनी दुकानातलं डबाबंद फ्रेश क्रीम आणून फेटलं. ते साधारण २५ टक्क्यांचं, अतिउष्णतेने टिकवलेलं, होमोजिनाइझ केलेलं आणि घट्टपणासाठी स्थिरक घातलेलं असतं. ते लोणी सोडू नये अशीच त्याची घडण असते. तासभर मिक्सर फिरवून हात टेकलेल्या एका शेजारणीला मी सुट्या म्हशीच्या दुधाचा पत्ता दिला. तिकडे दूधवाल्याचा पहिला प्रश्न होता, "चहाला पाहिजे की सायीला?" दोन्हींचे भाव वेगळे होते.