डायमेट्रोडॉन आणि स्पायनोसॉरस: शीड बघून फसू नका

प्लास्टिकच्या डायनोसॉरचं पाकीट फोडलं की पाठीवर शीड असलेला, चार पायांवर पसरून चालणारा एक प्राणी हमखास निघतो. पोरं त्याला स्पायनोसॉरस म्हणतात, आपणही हो म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा तो डायमेट्रोडॉन असतो, आणि डायमेट्रोडॉन डायनोसॉर नाहीच. तो आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या घराण्यातला. थेट पूर्वज नव्हे, चुलत घरातला. त्याला सरसकट डायनोसॉरांत ढकलतात याचं मला वाईट वाटतं.

शीड दोघांनाही आहे. मणक्यांचे काटे वर लांबच लांब वाढले आणि त्यांवर ते ताणलं गेलं. पण दोन्ही घराण्यांत ते वेगवेगळं उगवलं. म्हणून ओळख पटवायची तर कवटी बघायची. डायमेट्रोडॉनच्या डोळ्यामागे प्रत्येक बाजूला एकच मोठं भोक असतं, डायनोसॉरांच्या वंशात दोन.

ते एक भोक आपल्यालाही आहे. कानशिलावर बोटं ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली टम्म होणारा स्नायू गालाच्या हाडाच्या कमानीआडून खाली जबड्याला जातो. ती कमानीआडची वाट म्हणजेच ते भोक. डायमेट्रोडॉनच्या चाव्याची ताकदही तिथूनच यायची.

दातही बघा. अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ कोपने 1878 मध्ये ठेवलेल्या या नावाचा अर्थच ‘दोन मापांचे दात’: पुढे सुळ्यांसारखे मोठे, मागे लहान. स्पायनोसॉरसचे दात मगरीसारखे, सुळसुळीत मासा धरून ठेवायला सोयीचे.

काळ तर पार वेगळा. डायमेट्रोडॉन टेक्सासच्या तांबड्या खडकांत सापडतो, वय सुमारे 29 ते 27 कोटी वर्षं. तेव्हा डायनोसॉर जन्मायचेच होते. स्पायनोसॉरस साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ श्ट्रोमरने 1915 मध्ये इजिप्तमधल्या हाडांवरून त्याचं वर्णन केलं. ती हाडं 1944 च्या बॉम्बहल्ल्यात म्युनिकला नष्ट झाली. म्हणजे काळाच्या हिशेबाने स्पायनोसॉरस डायमेट्रोडॉनपेक्षा आपल्याच जास्त जवळ.

डायमेट्रोडॉननंतर याच घराण्यात गोरगोनॉप्सियन आले, लांब सुळ्यांचे शिकारी. त्यांतल्या एकाचे अवशेष गडचिरोलीच्या सीमेवरून वाहणाऱ्या प्राणहितेच्या खोऱ्यात, तेलंगणातल्या कुंदारमच्या खडकांत मिळाले आहेत.