रोझ बर्ड: मतदारांनी घरी पाठवलेली कॅलिफोर्नियाची चीफ जस्टिस

२०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या एका जागेसाठी निवडणूक झाली, इलॉन मस्कने पाण्यासारखा पैसा ओतला तरी त्याचा उमेदवार पडला आणि सुझन क्रॉफर्ड निवडून आल्या. जज्जाची निवडणूक म्हटलं की आपल्याला जरा विचित्रच वाटतं, कारण आपल्या हायकोर्टाच्या जज्जांना कधी मतं मागत फिरावं लागत नाही. तिकडे मात्र प्रत्येक राज्याचं स्वतःचं सुप्रीम कोर्ट असतं आणि बऱ्याच राज्यांत तिथल्या जज्जांना मतदारांसमोर जावंच लागतं. या मतदानाची खरी ताकद लोकांच्या लक्षात आली ती १९८६ साली कॅलिफोर्नियात, रोझ बर्डमुळे.

बर्ड यांचा जन्म १९३६ चा, अ‍ॅरिझोनातला. वडील लहानपणीच गेले, आईने न्यूयॉर्कला येऊन फॅक्टरीत काम करून मुलं वाढवली. बर्कली विद्यापीठातून १९६५ ला लॉ केलं, मग सांता क्लारा काउंटीत पब्लिक डिफेंडर, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची सरकारी वकील. त्या ऑफिसातली ती पहिली बाई.

१९७५ ला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर (तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, निवडून आलेला) जेरी ब्राऊनने त्यांना शेती आणि कामगार खात्यांची जबाबदारी दिली. या काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर मजूर, त्यात बहुतेक मेक्सिकन, हातभर दांड्याच्या कुदळीने लेट्यूसची विरळणी करायचे, दिवसभर कंबरेत वाकून, आणि मुकादमाला लांबूनच कळायचं कोण उभं राहिलंय ते, कारण उभा माणूस म्हणजे काम बंद. पाठी कायमच्या जायच्या. या कुदळीवर १९७५ मध्ये बंदी आली ती बर्ड यांच्याच खात्याकडून, आणि शेतमजुरांना युनियनचा हक्क देणारा कायदा घडवण्यातही त्यांचा मोठा हात होता. बड्या बागायतदारांचा राग तेव्हापासूनचा आहे, तो पुढे १९८६ ला व्याजासकट बाहेर आला.

१९७७ मध्ये ब्राऊनने त्यांना थेट राज्याच्या सुप्रीम कोर्टाची चीफ जस्टिस केलं. वय ४०, जज्ज म्हणून एका दिवसाचाही अनुभव नाही, आणि त्या कोर्टावर आलेली पहिलीच बाई. अशा नेमणुका तपासणाऱ्या तिघांच्या कमिशनने २ विरुद्ध १ मतांनी मंजुरी दिली. अनुभवाचा आक्षेप अगदीच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, पण बाई म्हणून जे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

कॅलिफोर्नियातली पद्धत अशी की जज्ज गव्हर्नर नेमतो, पण नंतर मतदारांना विचारतात, यांना ठेवायचं का, हो की नाही. समोर उमेदवार कोणी नाही. १९३४ पासून ही पद्धत आहे आणि १९८६ पर्यंत सुप्रीम कोर्टाच्या एकाही जज्जाला लोकांनी नाही म्हटलं नव्हतं. बर्डबाई १९७८ ला जेमतेम ५२ टक्क्यांवर निभावल्या. त्याच मतदानाच्या दिवशी पेपरात बातमी आली की कोर्टाने एक वादग्रस्त निकाल निवडणुकीसाठी दाबून ठेवला, त्यावर १९७९ मध्ये चौकशी झाली, तीही टीव्हीवर, आणि शेवटी कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. पण डाग लागायचा तो लागलाच.

मग मुद्दा आला मृत्युदंडाचा. १९७८ मध्ये मतदारांनीच मृत्युदंडाचा नवा, जास्त कडक कायदा मंजूर केला होता. बर्ड यांच्यासमोर अशी ६४ प्रकरणं आली आणि एकूण एक प्रकरणात त्यांनी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. विरोधकांनी हाच आकडा उचलला. पण त्यातल्या ६१ प्रकरणांत कोर्टाचे आणखी किमान तीन जज्ज त्यांच्या बाजूने होते हे कोण सांगणार? नवा कायदा, ज्युरीला दिलेल्या सूचनांत चुका, त्यामुळे निकाल टिकत नव्हते. हे ३० सेकंदांच्या जाहिरातीत मावत नाही. जाहिरातीत आल्या खून झालेल्या मुलांच्या आया, त्यांच्यासमोर कायद्याचा युक्तिवाद कसा करायचा? तेव्हाचे गव्हर्नर ड्यूकमेजियन उघड विरोधात उतरले, गव्हर्नरपदासाठी ड्यूकमेजियनविरुद्ध उभे असलेले डेमोक्रॅट टॉम ब्रॅडली गप्प बसले, आणि बर्डबाईंनी प्रचाराचे पगारी सल्लागारच काढून टाकले. ते तत्त्वाला धरून होतं, पण महागात पडलं.

त्याच कोर्टाचे जज्ज ऑटो कॉस म्हणाले होते की निवडणूक तोंडावर असताना वादाची केस ठरवणं म्हणजे सकाळी दाढी करायला जावं आणि बाथटबमध्ये मगर दिसावी तसं आहे, दुर्लक्ष करू म्हटलं तरी होत नाही.

४ नोव्हेंबर १९८६ ला साधारण दोन तृतीयांश मतदारांनी बर्ड यांना नाही म्हटलं, आणि त्यांच्याबरोबर क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हे दोघेही गेले. रेनोसो स्वतः शेतमजुराच्या घरातले, त्या कोर्टावरचे पहिले लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळाचे. तीन जागा एकदम रिकाम्या, ड्यूकमेजियननी आपली माणसं नेमली, माल्कम लुकस चीफ जस्टिस झाले आणि मृत्युदंडाच्या शिक्षा कायम व्हायला लागल्या. १९६७ नंतरची पहिली अंमलबजावणी १९९२ मध्ये झाली.

बर्डबाईंना पुढे धड काम मिळालं नाही. ईस्ट पालो आल्टोमध्ये गरिबांसाठीच्या कायदा केंद्रात त्यांनी फुकट काम केलं, झेरॉक्स काढण्यापासून. कॅन्सर १९७६ पासून पाठीशी होता, त्यातच १९९९ च्या डिसेंबरमध्ये गेल्या, वय ६३.

१९८६ नंतर कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टातून कोणा जज्जाला मतदारांनी काढलेलं नाही. पण तो मार्ग दुसऱ्यांना दिसला होता. २०१० मध्ये आयोवात समलिंगी लग्नाला मान्यता देणाऱ्या निकालावरून तीन जज्ज असेच एका दिवसात गेले, त्यात तिथल्या चीफ जस्टिस मार्शा टर्नस होत्या.