परिचारिका आणि मदतनीस: काम सोपवण्याच्या नियमांची पार्श्वभूमी

वॉर्डातलं कोणतं काम मदतनीसाकडे द्यावं आणि कोणतं परिचारिकेनं स्वतःच्या हाती ठेवावं, याचे लेखी नियम फार उशिरा आले. मनुष्यबळ कमी पडलं की मदतनीस आधी कामाला लागायचे, नियम मागाहून व्हायचे.

प्रश्न मात्र जुनाच. आपण हजर असताना जे करतो, ते आपण नसतानाही होईल अशी तजवीज करता यायला हवी, असं फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 सालीच बजावलं होतं. पुढे कित्येक दशकं वॉर्डातलं बरंचसं काम शिकाऊ परिचारिकांवरच निभावलं. दोन महायुद्धांनी ती घडी मोडली. पहिल्या युद्धात ब्रिटनमधल्या स्वयंसेविका वॉर्डात आल्या. दुसरं युद्ध चालू असतानाच, 1943 मध्ये, तिथे सहायक परिचारिकांची कायदेशीर नोंदणी सुरू झाली.

अमेरिकेत युद्धानंतर परिचारिकांचा तुटवडा होताच. त्यावर एलिनॉर लॅम्बर्टसन यांनी 1950च्या दशकात संघ पद्धतीचा पाया घातला. नोंदणीकृत परिचारिका संघप्रमुख, तिच्या हाताखाली सहायक, आणि रोज सर्वांनी मिळून रुग्णांचा आढावा. कल्पना चांगली होती, पण आढाव्याला वेळ मिळेना तेव्हा तिची नुसती कामवाटणी झाली. परिचारिका औषधं आणि कागदपत्रांत अडकली. अंघोळ, जेवण, कूस बदलणं मदतनीसांकडे गेलं. पाठीवरची लालसर झालेली त्वचा (पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची पहिली खूण) किंवा कालपेक्षा वाढलेली धाप नेमकी याच कामांत नजरेला पडते. माझ्या मते खरं नुकसान इथे झालं. 1960च्या दशकाच्या अखेरीस मेरी मँथी यांनी एका रुग्णाच्या शुश्रूषेची जबाबदारी एकाच परिचारिकेकडे देणारी पद्धत रुजवली, ती याच तुटलेपणाला उत्तर म्हणून.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या मदतनीसांना किमान 75 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं ते 1987च्या कायद्यानं. मग 1995 मध्ये तिथल्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेनं आज सगळीकडे शिकवल्या जाणाऱ्या पाच कसोट्या मांडल्या: योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना, योग्य देखरेख. यातली परिस्थितीची कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते. भरवणं हे रोजचं काम. पण पक्षाघातानंतरचा पहिला घास असेल, तर गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तेच काम मदतनीसाकडे देता येत नाही. सूचनेचंही तसंच. ‘बीपीवर लक्ष ठेव’ एवढ्यानं भागत नाही. किती वेळानं मोजायचं, कोणत्या आकड्याखाली गेलं तर लगेच कळवायचं, हे सांगावं लागतं.

याच परिषदेच्या 2016च्या मार्गदर्शक तत्त्वांनी जबाबदारी तिघांत विभागली. रुग्णालयानं प्रशिक्षण आणि धोरण द्यायचं, परिचारिकेनं रुग्ण पाहून निर्णय घ्यायचा आणि परिणामाचं उत्तरदायित्व स्वतःकडे ठेवायचं, आणि मदतनीसानं आपल्याला जमेल तेच काम स्वीकारायचं. ‘हे मला येत नाही’ असं म्हणण्याचा मदतनीसाचा अधिकार त्यातून कागदावर आला. वॉर्डात तो वापरता यावा, यासाठी ते ऐकून घेणारी वरिष्ठ परिचारिका तिथे असावी लागते.