स्क्विड प्रॉक्सी: सुरक्षा त्रुटींच्या नोंदींमागचा इतिहास

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ३१२८ हा पोर्ट क्रमांक भरल्याशिवाय इंटरनेट चालू होत नसे, हे ज्यांना आठवते, त्यांची स्क्विडशी ओळख झालेली आहे, त्याचे नाव तेव्हा कानावर पडले असो वा नसो. वापरणारे आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून पानांच्या प्रती साठवणारा हा प्रॉक्सी सर्व्हर हार्वेस्ट या अमेरिकी संशोधन प्रकल्पातून निघाला. हार्वेस्टमधील कॅशचा, म्हणजे प्रतींच्या साठ्याचा, कोड घेऊन ड्युएन वेसेल्स यांनी तो स्वतंत्रपणे वाढवला, त्याला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे अर्थसाहाय्य मिळाले आणि १९९६ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. महागड्या आणि अरुंद जोडणीवरचा भार हलका करणे हा त्यामागचा हेतू होता. त्या काळी वेब हा इंटरनेटवरचा एकमेव रस्ता नसल्याने स्क्विड एचटीटीपीसोबत एफटीपी आणि गोफर या जुन्या पद्धतींनीही माहिती आणून देत असे. सुरक्षा त्रुटींच्या पुढच्या नोंदींचे बरेचसे मूळ या उदारतेत आहे.

त्रुटींना सर्वमान्य क्रमांक देण्याची सोय १९९९ पर्यंत नव्हती. एकाच दोषाचे वर्णन प्रत्येक कंपनी आपापल्या नावाने करी आणि दोन सूचना एकाच दोषाच्या आहेत की दोन वेगळ्या दोषांच्या, हे व्यवस्थापकाला स्वतःच ताडून पाहावे लागे. त्या वर्षी मायटर या संस्थेने सीव्हीई ही यादी सुरू केली, तेव्हा तिच्यात ३२१ नोंदी होत्या. स्क्विडसंबंधीची एक जुनी नोंद, सीव्हीई-१९९९-०७१०, वाचण्यासारखी आहे. रेड हॅट लिनक्स ५.२ आणि ६.० यांसारख्या वितरणांमध्ये, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांमध्ये, कॅशमॅनेजर ही व्यवस्थापनाची सीजीआय फाइल (वेब सर्व्हरकरवी चालणारा छोटा प्रोग्राम) वेब सर्व्हरच्या सार्वजनिक डिरेक्टरीत बसवली जाई, त्यामुळे बाहेरच्या कोणालाही तिच्या आडून दुसऱ्या यंत्रांशी जोडणी करता येई. येथे घोडे अडले ते फाइल ठेवण्याच्या जागेत. तरीही नोंद स्क्विडच्या नावावर झाली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण वापरणाऱ्याला सॉफ्टवेअर ज्या स्थितीत हाती पडते त्याच स्थितीत ते सुरक्षित असावे लागते.

गोफरची कथा मात्र पूर्णपणे कोडचीच आहे. मिनेसोटा विद्यापीठात १९९१ मध्ये जन्मलेली ही पद्धत वेबच्या लाटेत लवकरच मागे पडली, पण स्क्विडमधील तिचा कोड तसाच राहिला. २००२ च्या नोंदीत गोफरचे उत्तर हाताळणाऱ्या भागात बफर ओव्हरफ्लो, म्हणजे राखून ठेवलेल्या जागेपेक्षा अधिक मजकूर लिहिला जाण्याचा दोष, सापडलेला दिसतो. २००५ मध्ये गोफरचे उत्तर एचटीएमएलमध्ये बदलणाऱ्या फंक्शनमध्ये पुन्हा त्याच जातीचा दोष निघाला. २०२३ मध्ये पुन्हा नोंद झाली, आणि या वेळी सूचनेत असेही म्हटले होते की कोणताही दुष्ट हेतू नसलेल्या साध्या गोफर सर्व्हरच्या उत्तरानेही स्क्विड कोसळू शकतो. सहाव्या आवृत्तीत गोफरचा कोडच काढून टाकण्यात आला. नोंदी सलग वाचल्या तर वीस वर्षांत वारंवार एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवले गेल्याचे कळते. सुटी सूचना वाचून ते लक्षात येत नाही.

प्रॉक्सीच्या बाबतीत नोंदीचा खरा पेच वेगळाच आहे. एखादी विनंती कोठे संपते हे एचटीटीपीमध्ये दोन प्रकारे सांगता येते: एकूण लांबी देऊन किंवा मजकूर तुकड्यांत पाठवून. एकाच विनंतीत या दोन्ही खुणा परस्परविरोधी आल्या आणि प्रॉक्सीने एक, तर मागच्या सर्व्हरने दुसरी प्रमाण मानली, तर उरलेला तुकडा पुढची विनंती म्हणून वाचला जातो. २००५ मध्ये वॉचफायर या कंपनीच्या अमित क्लाइन आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराचे सविस्तर वर्णन केले आणि त्याला रिक्वेस्ट स्मगलिंग हे नाव मिळाले. त्याच वर्षी, लांबीचे हेडर, म्हणजे विनंतीच्या सुरुवातीची लांबी सांगणारी ओळ, एकाहून अधिक वेळा आले तरी ते स्वीकारणाऱ्या स्क्विड २.५ वर, या ढिलाईतून कॅशमध्ये बनावट पाने घुसवता येतात, अशी नोंद झाली. आता हा दोष कोणाचा? दोन्ही सॉफ्टवेअर एकेकटी तपासली तर दोघांचेही वागणे चालून जाण्यासारखे वाटते. भगदाड पडते ते त्यांच्या मतभेदात, आणि उत्पादनवार लावलेल्या यादीत मतभेदाला स्वतंत्र रकाना नसतो. २०१९ मध्ये सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी हा विषय नव्या उदाहरणांसह पुन्हा पुढे आणला. २०२३ मध्येही स्क्विडचा तुकडे जोडणारा भाग गरजेपेक्षा सैल असल्याची नोंद झालीच.

हे २०२३ साल स्क्विडच्या नोंदवहीत ठळक आहे. सुरक्षा संशोधक जोशुआ रॉजर्स यांनी २०२१ मध्ये कोडची तपासणी करून ५५ त्रुटी प्रकल्पाला खासगीत कळवल्या होत्या. सुमारे अडीच वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्यांनी त्या जाहीर केल्या तेव्हा ३५ दुरुस्त व्हायच्या होत्या आणि अनेकींना सीव्हीई क्रमांकही मिळालेला नव्हता. स्क्विडच्या चमूने सहकार्य केले, पण त्यांच्याकडे माणसे पुरेशी नाहीत, असे रॉजर्स यांनीच लिहिले. यादीतील गंभीर त्रुटींपैकी एक डायजेस्ट पद्धतीने ओळख पटवण्याच्या भागात होती. ती सुविधा चालू असल्यास बाहेरच्या व्यक्तीला २ एमबीपर्यंत मजकूर स्मृतीत लिहिता येई, आणि ३.२.०.१ पासून ६.३ पर्यंतच्या आवृत्त्यांना तिचा धोका होता. दुरुस्ती ६.४ मध्ये आली.

मात्र ६.४ ही मर्यादा स्क्विडने स्वतः प्रसिद्ध केलेल्या आवृत्त्यांपुरतीच आहे. रेड हॅट किंवा डेबियनसारखी वितरणे जुनी आवृत्ती कायम ठेवून तिच्यात फक्त दुरुस्ती उतरवतात, त्यामुळे ४.१५ असा क्रमांक दाखवणारा स्क्विड सुरक्षित असू शकतो, आणि तोच क्रमांक दाखवणारा, पण कोणी मूळ कोडवरून स्वतः संकलित करून बसवलेला स्क्विड उघडा असू शकतो. केवळ आवृत्ती वाचून निकाल देणाऱ्या तपासणी साधनांच्या अहवालात हा फरक दिसत नाही. त्यासाठी वितरणाची स्वतःची सुरक्षा सूचना उघडून सीव्हीई क्रमांक शोधावा लागतो.