बटाट्याचं शीतगृह: ३५ टक्के कशावर आणि ३ टक्के कशावर?

‘सरकार ३५ टक्के देतं, वर आणखी ३ टक्के,’ असं शीतगृह बांधायला निघालेले बरेच जण सांगतात. पण या दोन आकड्यांची बेरीज होत नाही. पहिला खर्चावरचा आहे, दुसरा व्याजावरचा.

३५ टक्के हे एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातलं अनुदान; डोंगराळ भागात ते ५० टक्के. यात खर्च म्हणजे तुमचं बिल नव्हे. दर टनाला सरकारने जो मापदंड ठरवलाय, त्यावर टक्केवारी लागते. भिंती महाग बांधल्या तर वरचा भार तुमचाच. शिवाय हे अनुदान कर्जाशी जोडलेलं आहे. बँकेचं कर्ज नसेल तर ते मिळत नाही, आणि मिळालं तरी हातात येत नाही. ते बँकेत वेगळ्या राखीव खात्यात बसतं, तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही आणि शेवटी ते कर्जात वळतं होतं. म्हणजे गवंड्याला आणि कॉम्प्रेसरवाल्याला द्यायचे पैसे आधी तुम्हालाच उभे करावे लागतात. ‘अनुदान आलं की मशिनरी घेऊ’ हा हिशेब इथेच फसतो.

३ टक्के कृषी पायाभूत सुविधा निधीतले. २०२० साली सुरू झालेली ही १ लाख कोटींची योजना. खरा घोळ ‘निधी’ या शब्दाने घातलाय. ऐकून वाटतं, वाटायचा पैसा आहे. प्रत्यक्षात ते बँकेचंच कर्ज. २ कोटींपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त ७ वर्षं व्याजात ३ टक्के सूट आणि सरकारची पतहमी (कर्ज बुडालं तर बँकेला दिलेली हमी), एवढंच. समजा २० लाख कर्ज, दर ९ टक्के. पहिल्या वर्षी व्याज साधारण १ लाख ८० हजार, त्यातले ६० हजार सुटले. मुद्दल फिटत जाईल तशी सूटही आटते. मुद्दलाला मात्र कुणी हात लावत नाही. कर्जवाटपाची मुदत २०२५-२६ पर्यंत ठेवलेली होती, तेव्हा आजची स्थिती बँकेत विचारूनच पुढे जा.

एकाच शीतगृहाला दोन्ही घेता येतात. तरी प्रकल्पखर्चाच्या किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागतात. अनुदानाची पूर्वसंमती हातात येण्याआधी पाया खणू नका.

प्रकल्प अहवालात बटाटा कोणता, हे स्पष्ट लिहा. खायचा आणि बियाण्याचा बटाटा २ ते ४ अंशांवर टिकतो. तोच वेफर्ससाठी दिला तर थंडीने स्टार्चची साखर झालेली असते आणि काप तळताना तपकिरी पडतात. त्याला १० ते १२ अंश लागतात आणि कोंब रोखण्याची सोय वेगळी करावी लागते. यंत्रणा आणि वीजबिल दोन्ही इथूनच बदलतात.

एवढा पसारा दोन एकरवाल्याला परवडणारा नाही. त्याने सावलीतली आरण, म्हणजे साठवणीसाठी रचलेला बटाट्यांचा ढीग, नीट लावावी. खराब बटाटे आधी निवडून काढले तर महिना-दोन महिने बाजाराची वाट बघता येते. कांदाचाळीचं अनुदान घेऊन तिच्यात बटाटा भरायची युक्ती मात्र नको. कांद्याला फटींतून वारा हवा असतो. त्याच फटींतल्या उजेडाने बटाटा हिरवा पडतो, आणि हिरवा बटाटा कडू लागतो.